बँकेच्या ॲपचं डिझाइन शिकताय? अडकलेल्या पैशांची स्क्रीन आधी काढा

फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं, वायरफ्रेम म्हणजे स्क्रीनचा कच्चा आराखडा ठाऊक आहे, असं धरूनच लिहितोय. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मुलं पुण्या-बंगळुरूच्या फिनटेक (पैशांच्या व्यवहारांची ॲप बनवणाऱ्या) कंपन्यांत अर्ज टाकतात, तेव्हा पोर्टफोलिओत एक चकचकीत वॉलेट असतंच. जांभळी छटा, गोल कोपरे, ‘पेमेंट यशस्वी’ची हिरवी खूण. मग मुलाखतीत कोणी विचारतं, ‘खात्यातून पैसे कटले, समोरच्याला मिळाले नाहीत. आता स्क्रीनवर काय?’ आणि गाडी अडते.

यूपीआयमध्ये पाठवणाऱ्याची बँक, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि घेणाऱ्याची बँक अशी साखळी असते. त्यात कुठूनही वेळेत उत्तर आलं नाही, तर व्यवहार धड पूर्णही नसतो आणि फसलेलाही नसतो. नवशिका त्याला ‘अयशस्वी’ म्हणून मोकळा होतो आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’चं भलंमोठं बटण ठेवतो. बेळगावच्या खडेबाजारात मागे रांग लागलेली, दुकानदार ‘आले नाहीत’ म्हणतोय. गिऱ्हाईक बटण दाबणारच. पैसे दोनदा जातात.

या स्क्रीनवर रक्कम, समोरच्याचं नाव, वेळ आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक हवा, तोही कॉपी करता येईल असा. खाली एकच वाक्य: ‘समोरच्या बँकेचं उत्तर यायचं आहे, पुन्हा पाठवू नका.’ ‘पैसे खात्यातून गेलेत’ हे बँकेकडून पक्कं कळल्याशिवाय लिहू नका. बटण एकच, ‘स्थिती तपासा’. ॲप बंद करून उघडलं तरी हा व्यवहार पहिल्याच पानावर वर दिसला पाहिजे. त्याच नावावर तेवढीच रक्कम लगेच पुन्हा टाकली, तर थांबवून विचारा.

आणि तारीख द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून कटून पोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून ‘लवकरच परत मिळतील’ नको, ‘१४ तारखेपर्यंत’ असं लिहा.

सराव घरीच होतो. घरातल्याच दुसऱ्या खात्यावर एक रुपया पाठवा, पिन टाकताक्षणी फ्लाइट मोड लावा, स्क्रीनशॉट घ्या. दोन-तीन ॲपवर हे केलंत की कोण काय लपवतं ते कळतं. पिनचं पान मात्र सजवत बसू नका. ते एनपीसीआयचं असतं, तुम्हाला बदलताच येत नाही.

भाषेचं थोडक्यात. आपल्याकडे एकाच घरात पासबुक इंग्रजीत, एसएमएस कन्नडमध्ये आणि बोलणं मराठीत चालतं. इंग्रजीच्या मापानं ओळींतलं अंतर ठेवलंत तर मराठीची वेलांटी वरून आणि कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातला खाली लिहिला जाणारा भाग) खालून कापले जातात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी अंतर ठेवा. रकमेखाली ती अक्षरांतही लिहा. वाढलेलं एक शून्य तिथंच पकडलं जातं.

तीन महिन्यांत डिझायनर करणाऱ्या महागड्या कोर्सवर माझा काडीचा विश्वास नाही. पतसंस्थेचा कॅशियर किंवा पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा एजंट त्याहून चांगला गुरू. लोक नेमके कुठं घाबरतात हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्यासोबत दोन दुपारी बसा. फक्त कोणाची खातेवही किंवा फोनचा स्क्रीन टिपून आणू नका.

कॉलेज मोठं नाही, इंग्रजी अडखळतं, म्हणून खचू नका. तिन्ही भाषांत गिऱ्हाइकाशी बोलू शकणारा माणूस चाचणीच्या वेळी फार कामाला येतो, हे मुलाखतीत स्वतःहून सांगा. पोर्टफोलिओत दहा ॲप नकोत. अडकलेल्या व्यवहाराचा एकच प्रवास दाखवा, पाच-सहा जणांकडून तपासून घेतलेला, आणि त्यांनी चुकीचं बटण कुठं दाबलं तेही त्यातच ठेवा.