दोन वर्षं म्हणजे किती परीक्षा?

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली की घरच्यांना वाटतं पोरगं वकील झालं. आपल्यालाही वाटतं. मला ऑगस्ट २०२१ मध्ये सनद मिळाली आणि बरोबर दोन वर्षांनी वकीलपत्रावर सही करायचा माझा हक्क गेला. ना कोणी तक्रार केली होती, ना कुठली चौकशी लागली होती. मी एक परीक्षा दिली नव्हती, एवढंच. एलएलबी कशी करायची, गाऊन कुठून शिवायचा हे तुम्हाला ठाऊक असणार. मी जिथे आपटलो ती जागा दाखवण्यासाठी हे लिहितोय.

आपल्याला पहिल्यांदा जी सनद मिळते ती तात्पुरती असते. नोंदणीच्या वेळी आपण हमीपत्र लिहून देतो, की दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास होईन आणि नाही झालो तर वकिली करणार नाही. २००९-१० नंतर पदवी घेतलेल्या सगळ्यांना हे लागू आहे. नोंदणीच्या दिवशी मी पंधरा-वीस कागदांवर सह्या केल्या, त्यातलाच तो एक. वाचला नाही. प्रतही ठेवली नाही. वकील व्हायला निघालेला माणूस स्वतःच सही केलेला कागद वाचत नाही, ह्याची लाज अजून जात नाही.

आता खरा सापळा. दोन वर्षं ऐकून डोक्यात काय येतं? वर्षाला दोन परीक्षा, म्हणजे चार संधी. मी तसंच धरून चाललो होतो. तारखा बघा. सोळावी परीक्षा ३१ ऑक्टोबर २०२१ ला झाली. सतरावी ५ फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे मध्ये सव्वा वर्ष काही नाही. अठरावी १० डिसेंबर २०२३ ला. एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४ ला, पुन्हा वर्षभराने. माझ्या दोन वर्षांत दोनच परीक्षा आल्या. पहिलीचा फॉर्म नवीन नवलाईत भरायचा राहून गेला. दुसरी मी जाणूनबुजून सोडली. तुमच्या वाट्याला कदाचित एकच येईल. तेव्हा दोन वर्षं मोजू नका, परीक्षा मोजा. सनदेच्या तारखेनंतर जी पहिली परीक्षा येईल तीच आपली, पुढची नाहीच असं समजून फॉर्म भरा.

दुसरी का सोडली? कारण सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करतो ते सिनियर वकील, म्हणाले, ‘कशाला बसतोस? उडणार ती.’

सरांची बाजूही सांगतो, कारण ते काही गप्पा मारत नव्हते. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये सुरुवातीला कलम २४ मध्येच प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती. संसदेने १९७३ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलीचं नियमन करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, १९९५ मध्ये नोंदणीआधी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम आणले. व्ही. सुदीर प्रकरणात १९९९ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. संसदेने काढलेली अट कौन्सिलला नियमाच्या मागच्या दाराने आणता येणार नाही, असा त्याचा रोख होता. मग २०१० मध्ये कौन्सिलने ही परीक्षा आणली. तिला आव्हान दिलं गेलं आणि २०१६ मध्ये विषय घटनापीठाकडे गेला. सरांचं गणित सरळ होतं. प्रशिक्षण उडालं तशी परीक्षाही उडणार, आणि निकाल आता कधीही येईल.

निकाल आला. १० फेब्रुवारी २०२३ ला. मी सोडलेल्या परीक्षेनंतर पाचव्या दिवशी. पाच न्यायमूर्तींनी परीक्षा कायम ठेवली, व्ही. सुदीरमधला कायदा चुकीचा ठरवला आणि परीक्षा नोंदणीआधी घ्यायची की नंतर हेही बार कौन्सिलवरच सोपवलं. आधार होता कलम ४९. वकिलाला कुठल्या अटींवर वकिली करता येईल ह्याचे नियम करायचा अधिकार संसदेनेच त्या कलमातून कौन्सिलला दिलेला आहे. सरांनी कलम २४ चा इतिहास तोंडपाठ सांगितला होता, कलम ४९ उघडलंच नव्हतं. मीही नाही. सिनियरकडून उलटतपासणी शिका, जज्जसमोर किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं ते शिका. पण तुमच्या सनदेबद्दल त्यांचं मत घेऊ नका. त्यांची सनद १९९१ ची आहे, त्यांना ही परीक्षा कधी द्यावीच लागली नाही.

पुढची परीक्षा डिसेंबरमध्ये आणि माझी मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. सप्टेंबरमधली एक सकाळ सांगतो. जामिनाचं काम होतं. अर्ज मी रात्री जागून टाइप केला होता, पक्षकार माझ्याच गावचा. सरांनी वकीलपत्र पुढे ओढलं, छापील नावांमधल्या माझ्या नावावर पेनाने सरळ रेघ मारली, बाजूला दुसऱ्या ज्युनियरची सही घेतली आणि वकील कल्याण निधीचं (वेल्फेअरचं) तिकीट चिकटवलं. पक्षकार समोरच बसला होता. त्याने काही विचारलं नाही, फक्त त्या रेघेकडे बघितलं. मी गळ्यातला पांढरा बँड काढून खिशात घातला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. अठरावी परीक्षा दिली, मार्चमध्ये निकाल लागला, पास झालो, पुढे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे वकिली करायचं प्रमाणपत्र, आलं. मधले महिने टायपिंग आणि झेरॉक्समध्ये गेले.

परीक्षेला मात्र घाबरू नका, खरंच. शंभर बहुपर्यायी प्रश्न, माझ्या वेळी साडेतीन तास होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि बेअर ॲक्ट, म्हणजे टीपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तकं, जवळ ठेवता येतात. पास व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. फक्त बेअर ॲक्ट कोरे हवेत. माझ्या दिवाणी संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ती आदल्या रात्री खोडरबराने पुसत बसलो होतो. आणि कुणाचे जुने बेअर ॲक्ट उसने आणू नका. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदललेत. गाइड, क्लास, ‘हमखास प्रश्न’ ह्यांवर पैसे घालवायची गरज नाही. अनुक्रमणिकेवरून कलम पटकन काढता आलं की निम्मं काम झालं.

सगळ्यात महागात पडतं ते ‘हे कोणाच्या हातात आहे’ हे माहीत नसणं. माझी मुदत संपली तेव्हा मामा म्हणाले, आमदारसाहेबांच्या कानावर घालू. चिठ्ठी घेऊन जाणारे दोघं-तिघं मीही पाहिलेत. विधानसभा ह्यात काही करू शकत नाही. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात वकिली कोणी करायची हा विषय घटनेच्या केंद्र सूचीत, नोंदी ७७ आणि ७८ मध्ये आहे. सुप्रीम कोर्टाने १९६८ सालीच ॲडव्होकेट्स ॲक्ट ह्याच नोंदींखाली येतो असं सांगितलंय. राज्याचं विधिमंडळ काय करतं? वकीलपत्रावर लावतो त्या तिकिटामागचा कल्याण निधीचा कायदा, १९८१ चा, तो त्यांचा. सनदेच्या अटी संसदेच्या.

म्हणून कुठलीही अट समोर आली की मी आता आधी ती आली कुठून हे बघतो. कायद्यातून, नियमातून, की नुसत्या ठरावातून? फीचंच घ्या. कलम २४ मध्ये नोंदणीची फी संसदेने लिहून ठेवलीय. राज्याच्या बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, एससी-एसटीसाठी १०० आणि २५. वर लागू असेल ती स्टॅम्प ड्यूटी. हे आकडे १९९३ च्या दुरुस्तीतले. प्रत्यक्षात देशभरात पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घेतले जात होते, ग्रंथालय, इमारत, ओळखपत्र अशा वेगवेगळ्या नावांनी. तीस वर्षांत संसदेने ना आकडा वाढवला, ना बाकीचे पैसे कोणत्या अधिकारात घेता हे नीट विचारलं. शेवटी ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही असं सांगितलं. निकाल पुढच्यांसाठी, आधी भरलेल्यांना परतावा नाही. मी आधी भरलेल्यांतला. तुम्ही भाग्यवान.

थोडक्यात बाकीचं. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि सनद एकत्र चालत नाही. नोकरी धरली तर कळवून सनद स्थगित करून घ्या, लपवाछपवी पुढे कधीतरी अंगाशी येतेच. राज्य बदललं तर कलम १८ खाली नाव दुसऱ्या राज्याच्या वकिलांच्या पटावर नेता येतं, त्याला फी नाही. आणि दिवाणी न्यायाधीश व्हायचं असेल तर सनद घ्यायला उशीर करू नका. सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आलीय, आणि ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहे, परीक्षेच्या निकालापासून नव्हे.

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. १३ तारखेला केंद्राने ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्ती विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी काढला. नव्या कलम ४९-ब खाली केंद्र सरकार बार कौन्सिलला निर्देश देणार, कौन्सिलवर सरकारचे तीनपर्यंत सदस्य, संप-बहिष्काराला बंदी. बार रूममध्ये आरडाओरडा. दिल्लीत वकिलांनी काम बंद ठेवलं. माझंही मत विरोधाचंच होतं. ज्या सरकारविरुद्ध रोज उभं राहायचं, त्याच्या हाती आपल्या सनदेची दोरी नको. पण फी आणि परीक्षेच्या तारखांबद्दल कौन्सिलला संसदेत कोणी तरी प्रश्न विचारायला हवा, हे मी तिथेच म्हटलं तर चहा प्यायला बोलावणारे दोघं कमी झाले. २२ तारखेला सरकारने तो मसुदा मागे घेतला.

सर खुशीत चेंबरमध्ये आले. ‘बघ, म्हटलं नव्हतं? उडालं की नाही!’

टेबलाच्या कडेला नवी ज्युनियर वकीलपत्रावर सही करत होती. तिची सनद सप्टेंबरची. मी विचारलं, डिसेंबरची परीक्षा दिलीस ना? तिने सरांकडे बघितलं. ‘सर म्हणाले, पुढच्या वेळी बस.’

पुढची परीक्षा ३० नोव्हेंबर २०२५ ला झाली.