शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र: युरोपात मुलांकडे गेल्यावर एका शहराची छोटी सहल कशी आखावी

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज जर्मनी, नेदरलँड्स किंवा बेल्जियममध्ये शिकत आहेत किंवा नोकरी करीत आहेत, आणि त्यांचे आई-वडील इकडचा उन्हाळा टाळून दोन-अडीच महिने त्यांच्याकडे राहून येतात. मुलांना शुक्रवारपर्यंत काम असते, त्यामुळे सर्वांनी मिळून फिरायला शनिवार आणि रविवार एवढेच दिवस हाती येतात. या दोन दिवसांत तीन शहरे उरकण्याचा आग्रह बहुधा आपल्याकडूनच होतो, कारण इतक्या लांब पुन्हा कधी येणार, असे वाटत असते. ती भावना खरी आहे. तरीही माझे मत असे आहे की दोन दिवसांना एकच शहर घ्यावे, आणि ते निवडताना तेथील प्रेक्षणीय स्थळांची यादी पाहण्याआधी त्या शहरात आपल्याला प्रत्यक्ष किती तास मिळणार आहेत, याचा हिशोब करावा.

आखणीची सुरुवात मात्र इकडे घरी असतानाच व्हिसाच्या अर्जापासून होते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक असेल त्याच देशाकडे करायचा असतो; मूल जर्मनीत असेल आणि मधल्या काही सुट्ट्यांना फ्रान्स किंवा ऑस्ट्रियाला जायचे असेल, तरी अर्ज जर्मनीकडेच जातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते आणि उन्हाळ्याआधी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तारखा ठरताच वेळ घेऊन ठेवावी. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा व सर्व शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि त्यांच्या आतल्या आत कितीही वेळा सीमा ओलांडली तरी सिंगल एंट्री व्हिसा पुरतो. लंडन आणि डब्लिन मात्र या क्षेत्राबाहेर आहेत. तेथे जाण्यास वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय परत जर्मनीत येण्यासाठी शेंगेन व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा असावा लागतो. पासपोर्ट घरी ठेवून केवळ छायाप्रत घेऊन निघू नये. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि रेल्वेतही पोलीस कागदपत्रे मागतात.

आता तासांचा हिशोब. स्वस्त विमानाचे तिकीट पाहून मन मोहात पडते, परंतु सव्वा तासाचे उड्डाण म्हणजे सव्वा तासाचा प्रवास नव्हे. घरापासून विमानतळ, तेथे दोन तास आधी पोहोचणे, सुरक्षा तपासणी, उतरल्यावर शहरात जाणे, असे सर्व धरले तर पाच-सहा तास सहज जातात. त्यातही स्वस्त कंपन्या अनेकदा शहरापासून दूरच्या विमानतळावर उतरवतात. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि फ्रँकफर्टचे नाव लावणारा हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून पुणे गाठण्याइतका. रेल्वे मात्र गावाच्या मध्यभागी सोडते. कोलोनहून ब्रसेल्स दोन तासांच्या आत येते, ॲम्स्टरडॅम तीन तासांच्या आत, फ्रँकफर्टहून पॅरिस सुमारे चार तासांत, म्युनिकहून साल्झबुर्ग दीड-दोन तासांत आणि व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा साधारण तासाभरात. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत चार तासांपेक्षा जास्त लागत असतील, तर ते शहर दोन दिवसांच्या सहलीतून काढून टाकावे आणि जोडून सुट्टी येईल तेव्हासाठी राखून ठेवावे. अपवाद रात्रीच्या गाडीचा. व्हिएन्नाहून व्हेनिस किंवा रोमला जाणाऱ्या शयनयानात शुक्रवारी रात्री झोपले की शनिवारची सकाळ त्या शहरात उजाडते. ज्यांना गाडीत झोप लागते त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे.

जर्मनीत राहणार असाल तर डॉइचलँडटिकेट अवश्य घ्यावे. जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरोंना मिळते आणि त्यावर देशभरातील प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो आणि शहरबस चालतात. वेगवान आयसीई व आयसी गाड्या मात्र चालत नाहीत. हे मासिक वर्गणीचे तिकीट असल्यामुळे पुढच्या महिन्यासाठी नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट पाहुण्यांच्या परतीच्या धांदलीत विसरली जाते. या तिकिटावर सीमेपलीकडचे साल्झबुर्ग स्थानकही गाठता येते. तसेच सीमेवरच्या केल या गावापर्यंत जाऊन पुढे ट्रामने ऱ्हाइन नदी ओलांडली की थोड्याच वेळात आपण फ्रान्समधील स्ट्रासबुर्गमध्ये असतो. त्या ट्रामचे तिकीट तेवढे वेगळे काढावे.

पहिल्या सहलीसाठी मी स्ट्रासबुर्गच सुचवेन, विशेषतः मूल श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे किंवा फ्रँकफर्टच्या आसपास असेल तर. जुने शहर नदीच्या दोन फाट्यांनी वेढलेल्या बेटावर आहे, १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठी ओलांडलेली माणसेही चालत जाऊ शकतात. तेथील कॅथेड्रलचा १४२ मीटर उंचीचा मनोरा १६४७ ते १८७४ या काळात जगातील सर्वांत उंच वास्तू होता. शनिवारी सकाळी पोहोचल्यावर सामान हॉटेलात ठेवून थेट कॅथेड्रल गाठावे आणि आतील खगोलीय घड्याळातील प्रेषितांच्या मूर्ती दुपारी साडेबारा वाजता फिरतात, तो सोहळा पाहावा. त्यासाठी वेगळे तिकीट लागते. हे शनिवारीच करावे, कारण रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात आणि पर्यटकांना मोकळेपणाने फिरता येत नाही. वरच्या सज्जावर जायला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खाली चौकात बसावे; त्या चौकातून दिसणारे गुलाबी दगडावरचे कोरीवकामही डोळे भरून पाहण्याजोगे आहे. दुपारी जेवून थोडी विश्रांती घ्यावी, आणि ऊन कलल्यावर पेटिट फ्रान्स या कालव्यांकाठच्या भागात जावे. तेथे एके काळी कातडी कमावणारे, गिरणीवाले आणि कोळी राहत असत. त्यांची लाकडी सांगाड्याची घरे अजून उभी आहेत. जवळच व्होबाँ धरणाच्या गच्चीवरून साऱ्या जुन्या शहराचे एकत्र दर्शन घडते. रविवारी सकाळी ओरांजेरी उद्यानात करकोचे पाहावेत, युरोपीय संसदेची काचेची इमारत बाहेरून पाहावी, नदीतून नावेची एक फेरी करावी आणि दुपारी परत फिरावे. अर्ध्या दिवसाला एक मोठी गोष्ट, यापेक्षा अधिक काही आखू नये. मधल्या मोकळ्या वेळात बाकावर बसून जी चौकटीबाहेरची दुनिया दिसते, तीही त्या शहराचाच भाग असते.

पॅरिससारख्या शहरात या शिस्तीची अधिकच गरज भासते. तेथे दोन दिवसांत सर्व काही पाहणे अशक्य आहे हे घरातूनच मान्य करून निघावे, आणि प्रत्येकाने आपली एकेक इच्छा सांगून तेवढ्यांचीच वेळेची तिकिटे आधी काढावीत. आयफेल मनोऱ्याच्या लिफ्टची तिकिटे सुमारे दोन महिने आधी खुली होतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम कॅथेड्रलला प्रवेश विनामूल्य आहे.

शनिवार-रविवारच्या सहलीची खरी गुंतागुंत वारांच्या नियमांत आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने, उपाहारगृहे आणि संग्रहालये मात्र उघडी असतात. म्हणून दूध, दही, पाव, फळे यांची खरेदी शनिवारी संध्याकाळीच उरकावी आणि संग्रहालय रविवारसाठी ठेवावे. म्युनिकमधील पिनाकोटेक संग्रहालयांना तर रविवारी प्रवेश अवघ्या एका युरोत असतो, आणि इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात. याच्या उलट व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात, पण त्या दिवशीची रांग वयस्कर माणसांच्या सोसण्यापलीकडची असते. सोमवार जोडून घेतलात तर अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात हे ध्यानात ठेवावे. पॅरिसचे लूव्हर संग्रहालय मात्र मंगळवारी बंद असते. ॲम्स्टरडॅममधील ॲन फ्रँक यांच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी निघतात आणि पाहता पाहता संपतात. व्हेनिसमध्ये वसंत-उन्हाळ्यातील गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतले जाते. तेथे रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, पण नोंदणी करावी लागते.

ऋतूचा विचारही तासांच्या भाषेतच करावा. आपल्याकडे दिवस वर्षभर अकरा ते तेरा तासांच्या दरम्यान असतो, तर बर्लिनमध्ये जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे जातात, म्हणजे त्या सहलीतील एक तास कमी होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो परत मिळतो. नाताळाचे बाजार सुंदर असतात, परंतु डिसेंबरातल्या शनिवारी स्ट्रासबुर्गमध्ये जी गर्दी लोटते, ती फुलांच्या हंगामातल्या रविवारी कासच्या रस्त्यावर दिसणाऱ्या गर्दीसारखीच असते, आणि हॉटेलांचे दरही त्या दिवसांत चढलेले असतात.

हॉटेल स्थानकाजवळ किंवा ट्रामच्या मार्गावर घ्यावे. जुन्या इमारतींत लिफ्ट नसण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आरक्षणाआधी विचारून घ्यावे. रस्ते दगडी फरशांचे असतात. चाकांची मोठी बॅग त्यावरून ओढणे त्रासाचे होते, तेव्हा प्रत्येकी एक पाठपिशवी पुरेशी समजावी. औषधे पिशवीच्या वरच्या कप्प्यात, मूळ वेष्टनात ठेवावीत. तातडीच्या मदतीसाठी युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो.

शाकाहारी माणसांनी खाण्याची काळजी आधीच घेतलेली बरी. बेल्जियममधील बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गाईच्या चरबीत तळले जातात, म्हणून तेल कोणते ते विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पार्मेसान चीज वासराच्या जठरातील विकर वापरून बनवले जाते. स्ट्रासबुर्गचा पातळ भाजलेला टार्ट फ्लॉम्बे मूळ स्वरूपात डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह येतो, मात्र भाजी किंवा चीज घातलेला प्रकारही मिळतो. पॅरिसच्या मारे भागातील रोझिए गल्ली फलाफलसाठी, म्हणजे हरभऱ्याच्या तळलेल्या वड्यांसाठी, प्रसिद्ध आहे, परंतु ती ज्यू वस्ती असल्यामुळे तेथील बरीच दुकाने शनिवारी बंद असतात. तेथे रविवारीच जावे. सोबत सांगलीचे बेदाणे, भडंग, मेतकूट यांचा डबा असला की मधली वेळ निभावते. साताऱ्याचे कंदी पेढे नेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे आणि पेढा खव्याचा असतो.

परतीचा प्रवास शेवटच्या गाडीवर कधीही ठेवू नये. जर्मन रेल्वेला उशीर होणे आता नित्याचे झाले आहे, आणि मुलांना सोमवारी सकाळी कामावर जायचे असते. शेवटच्या गाडीच्या आधीची किंवा त्याच्याही आधीची गाडी धरावी. पोहोचायला ६० मिनिटे किंवा अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक झाला तर ५० टक्के रक्कम परत मिळण्याचा नियम आहे. ठरावीक गाडीचे स्वस्त तिकीट असले आणि उशिरामुळे जोडगाडी चुकली, तर दुसऱ्या गाडीने जाण्याची मुभाही मिळते. त्यासाठी तिकीट आणि उशिराची नोंद मोबाइलमध्ये जपून ठेवावी, आणि भरपाईचा अर्ज घरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात मुलांकडून भरून घ्यावा.