पुडीवाल्यांशी आणि लसीला घाबरणाऱ्यांशी बोलायचं कसं

पुण्यात धायरी फाट्याजवळ माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. घरात कुणी बिननावाच्या औषधाच्या पुड्या घ्यायला लागलं किंवा बाळाच्या लसीला नको म्हणायला लागलं, की लोक काउंटरवर येऊन म्हणतात, "ताई, तुम्हीच सांगा ना त्यांना." सांगून फारसं होत नाही, विचारून होतं.

पहिल्या झटक्यात "फालतू आहे हे" म्हणू नका. मी सख्ख्या मावशीला म्हणून बसले. पुड्या चालूच राहिल्या, मला सांगणं तेवढं बंद झालं.

त्यापेक्षा पुडी बघायला मागा. मावशीची वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती, आत करडी पूड, वर बॉलपेनने "सकाळ-संध्या". बास. कंपनी कुठली, लायसन्स नंबर, बॅच, घटक? आयुर्वेदिक औषधावरही हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

मग विचारा, गुण किती दिवसांत आला? वर्षानुवर्षांचे गुडघे दोन दिवसांत जिने चढायला लागले, की मला धडकीच भरते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं कितीतरी वेळा सापडलंय. चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसायला लागतो, शुगर वर जाते. शंका आली तरी पुडी एका दिवसात तोडू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, एकदम थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. पुडीसकट डॉक्टरांकडे न्या.

"निसर्गातलं आहे, त्रास नाही" असं म्हणणाऱ्यांना मी कण्हेरीची आठवण करून देते. तीही निसर्गातलीच.

लसीचं जास्त नाजूक असतं, कारण तिथे आई घाबरलेली असते. आधी विचारा, नक्की कशाची भीती? ताप म्हणाली तर सोपं आहे: पेंटाव्हॅलंटनंतर (पाच आजारांवरची एकत्र लस) दिवस-दोन दिवस ताप येऊ शकतो, औषधाचा डोस बाळाच्या वजनावरून डॉक्टरांना विचारून ठेवायचा. ऑटिझम (स्वमग्नता) म्हणाली तर थोडं बसावं लागतं. ही अफवा 1998 साली इंग्लंडमध्ये वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरच्या लेखातून पसरली. अवघी 12 मुलं होती त्यात. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो लेख मागे घेतला, त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, 2019 मध्ये निष्कर्ष आला: गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझमचा धोका वाढत नाही.

पण आकडे आईच्या डोक्यात राहत नाहीत, तारखा राहतात. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. ऑटिझमची लक्षणंही साधारण याच वयात नजरेत भरतात. बोलणं लांबलं, हाक मारली तरी बघत नाही, वगैरे. म्हणून लागोपाठ दिसतं. पुण्यात गणपतीत पाऊस पडतोच, म्हणून लक्ष्मी रोडवर ढोल वाजवल्याने पडतो असं कुणी म्हणत नाही. हे ऐकून बहुतेक जणी हसतात, आणि हसल्या की पुढचं बोलता येतं.

तेव्हाच लसीकरणाचं कार्ड बाहेर काढायला सांगा, पुढची तारीख मोबाइलमध्ये घाला. महापालिकेच्या दवाखान्यात लस मोफत मिळते. सासूबाई विरोधात असतील तर त्यांनाही बरोबर न्या. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, तेवढ्यात त्यांचे उरलेले प्रश्न सिस्टरना विचारून होतात.