पुस्तक मिटा आणि आठवून लिहा

धडा पुन्हा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटू लागतो आणि आपल्याला तो येतो असा समज होतो. परीक्षेत मात्र नुसतं ओळखून भागत नाही, आठवावं लागतं. म्हणून एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहून काढा. अडलात तरी लगेच पान उघडू नका, थोडं डोकं खाजवा; त्या ताणानेच आठवण पक्की होते. मग पुस्तकाशी ताडून पाहा आणि सुटलेलं वेगळ्या रंगाने लिहा.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले. त्यामुळे सुरुवातीला ही पद्धत जड वाटली, तरी कृपा करून सोडू नका.

तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असाच लिहून पाहा. वेळ कमी असेल तर फक्त रंगीत शाईतलं घ्या. आणि जागरण टाळा, शिकलेलं पक्कं व्हायला झोपही लागते.