दोन देशांच्या शेणातला नायट्रस ऑक्साइड तुलना करताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने मला एक्सेल शीट पाठवली. भारत आणि न्यूझीलंड, जनावरांच्या शेणामुतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड (पृथ्वी तापवणारा वायू), आणि खाली ठळक अक्षरात निष्कर्ष की न्यूझीलंडवाल्यांचं मॅनेजमेंट भारी आणि आपल्याकडे सगळी बोंब. म्हटलं बाबा, थांब जरा, तू कॉलम कुठला उचललास ते आधी सांग.

त्याने घेतला होता फक्त 'मॅन्युअर मॅनेजमेंट'. सगळ्यात कॉमन चूक हीच. या खात्यात येतं ते साठवलेलं शेण, म्हणजे उकिरडा, स्लरीची (पातळ शेणमुताची) टाकी, लगून (त्याचं उघडं तळं) वगैरे. न्यूझीलंडच्या गायी मात्र बहुतेक बाराही महिने कुरणात असतात, दूध काढायला शेडमध्ये येतात आणि परत बाहेर, त्यामुळे शेणमूत जवळपास सगळं गवतावरच पडतं आणि ते मोजलं जातं शेतजमिनीच्या खात्यात. साठवणीच्या कॉलममध्ये मग त्यांचा आकडा चिमूटभर दिसणारच! फाओस्टॅटवर (यूएनच्या अन्न आणि शेती संघटनेचा आकड्यांचा साठा) याचे तीन वेगळे भाग आहेत: साठवलेलं, शेतात टाकलेलं, कुरणावर पडलेलं. तिन्ही घ्या, नाहीतर तुलनेला हातच लावू नका.

आणि कुरणावरचं प्रकरण काही किरकोळ नाही. गाय एका जागी मुतते तेव्हा तेवढ्याच पट्ट्यात हेक्टरी 500 ते 1000 किलोच्या हिशोबाने नायट्रोजन ओतला जातो, एवढा गवताला पचत नाही, मग मुतातल्या युरियाचा अमोनिया, त्याचा नायट्रेट, आणि वरून पाऊस झाला की जमिनीत हवा शिरत नाही आणि जिवाणू त्यातून नायट्रस ऑक्साइड सोडतात. म्हणून न्यूझीलंड आपल्या हिशोबात शेण आणि मूत यांना वेगवेगळे इमिशन फॅक्टर (नायट्रोजनचा किती टक्के भाग हा वायू होऊन उडतो ते) लावतं, मुताचा बराच जास्त.

आपल्याकडे उलटा घोळ. शेणाच्या गोवऱ्या थापल्या, वाळवल्या, चुलीत घातल्या, की तो धूर जातो ऊर्जेच्या खात्यात, शेतीच्या नाही. काही जण हे वाचून गोवऱ्यांच्या वाट्याचा सगळाच नायट्रोजन उडवून टाकतात. अरे पण मूत कुठे थापलंस? ते जिथे पडलं तिथेच राहिलं, ते मोजावंच लागतं.

पुढची चूक म्हणजे 'एक गाय बरोबर एक गाय'. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची यूएनची तज्ज्ञ समिती) 2006 च्या हिशोबाच्या पुस्तकातल्या डीफॉल्टमध्ये न्यूझीलंड ज्या ओशनिया गटात येतं तिथली दुभती गाय 500 किलोची आणि भारतीय उपखंडातली 275 किलोची धरलीय. हिशोब केलात तर एका गायीच्या शेणामुतात वर्षाला साधारण 80 किलो नायट्रोजन विरुद्ध 47. इतर गुरांसाठी उपखंडाला सरासरी वजन दिलंय 110 किलो, वासरं-कालवडी सगळी धरून असेल, पण खिल्लार बैलाला 110 किलो म्हणालात तर शिंगावर घेईल. शिवाय लिटरमागे आकडा काढताना बैलांचं आणि भाकड गायींचं शेणसुद्धा दुधाच्या डोक्यावर टाकलं जातं, तेही बघा.

आता एकाच गोष्टीचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर मी काय करतो सांगतो, आधी दोन आकड्यांचा भागाकार. उत्तर 1.57 च्या जवळ आलं तर एका बाजूला फक्त नायट्रोजनचं वजन आहे आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण वायूचं, 44 भागिले 28 ने गुणायचं राहिलं, 44 म्हणजे पूर्ण वायूचं वजन आणि 28 त्यातल्या नायट्रोजनचं (मी स्वतः हे दोनदा विसरलोय, एकदा तर प्रेझेंटेशनमध्ये). 1.17 आलं तर जीडब्ल्यूपीचा (हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) लोचा, एकाने जुना 310 वापरला आणि दुसऱ्याने 265. 1.12 आलं तर 298 आणि 265. बरोब्बर हजारपट आलं तर गिगाग्रॅम आणि किलोटन वेगळे समजलात, ते एकच आहेत. आणि कुरणाच्या आकड्यात पाचपट फरक आला तर घाबरू नका, गायींच्या शेणामुतासाठी 2006 च्या पुस्तकात फॅक्टर 2 टक्के होता, 2019 च्या सुधारणेत तो 0.4 टक्के झाला, म्हणजे एकही गाय जागची न हलता इमिशन एक पंचमांश!

त्यामुळे एका देशाचा आकडा फाओस्टॅटचा आणि दुसऱ्याचा त्यांच्या सरकारी रिपोर्टचा, असं कडबोळं अजिबात नको. वर्षही बघा, न्यूझीलंड दरवर्षी 1990 पासूनची पूर्ण मालिका देतं, आपला 2023 च्या शेवटी यूएनला दिलेला रिपोर्ट 2019 सालचा हिशोब सांगतो.

हे सगळं फोनवर सांगून झालं, पोराने दोन दिवसांत नवीन शीट पाठवली, तिन्ही खाती घेतलेली, 44/28 लावलेलं, एकदम व्यवस्थित. तरी भारताचा आकडा मला कमी वाटला म्हणून सगळे कॉलम परत पाहिले. म्हशीच नव्हत्या! 2019 च्या पशुगणनेतल्या जवळपास 11 कोटी म्हशी गायब. विचारलं तर म्हणतो, "सर, न्यूझीलंडच्या बाजूला तो कॉलम रिकामाच दिसत होता, म्हणून डिलीट केला."