पहिलं पॅकेज टाकणाऱ्यासाठी लिहिताना

पॅकेज, म्हणजे इतरांना इन्स्टॉल करता येईल असं बांधलेलं सॉफ्टवेअर, सार्वजनिक साठ्यात कसं टाकायचं हे सांगणारी मार्गदर्शिका सुधारायला घेण्याआधी मी ती अशा कुणालातरी देते, ज्याने आजवर एकही पॅकेज टाकलेलं नाही. मग शेजारी वही घेऊन बसते आणि तोंड उघडत नाही. तो जिथे थबकतो, ती ओळ टिपून ठेवते.

एकदा एक मुलगी पायपीआयवर, म्हणजे पायथन भाषेतल्या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, पॅकेज चढवत होती. आमच्या मार्गदर्शिकेत एवढंच होतं: ‘टोकन द्या.’ टोकन म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची लांबलचक गुप्त अक्षरमाळ. तिने ती पेस्ट केली, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, काहीच उमटलं नाही. पेस्ट झालंच नाही असं वाटून तिने ते आणखी दोनदा केलं. एकाच ओळीत तीन टोकनं गेली आणि 403, म्हणजे परवानगी नाकारल्याचा संदेश, आला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘माझंच काहीतरी चुकलं.’ चूक तिची नव्हती, माझ्या ओळीची होती. आता तिथे असं लिहिलंय: ‘टोकन पायपीआय आणि आडव्या रेघेपासून सुरू होतं, तो भागही घ्या. पेस्ट करताना पडद्यावर काही दिसणार नाही. एकदाच पेस्ट करा आणि एंटर दाबा.’

प्रत्येक पायरीला हे करा. आज्ञा दिली की लगेच खाली लिहा, आता काय दिसायला हवं. बिल्ड झाल्यावर, म्हणजे कोडचं पॅकेज बनल्यावर, डिस्ट फोल्डरमध्ये दोन फायली दिसतात, एक टार-जीझेड (मूळ कोडचं गाठोडं) आणि एक व्हील (थेट इन्स्टॉल होणारी फाइल). जास्त दिसल्या तर त्या जुन्या आवृत्तीच्या आहेत. त्या काढल्याशिवाय पुढे गेलं तर ट्वाइन, म्हणजे फायली चढवणारा प्रोग्रॅम, त्याही चढवायला जातो आणि अडतो. हे अनुभवी माणसाला हातानेच कळतं, म्हणून तो लिहायचं विसरतो.

जे परत फिरवता येत नाही, ते त्या पायरीच्या आधी सांगा. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचं नाव, फाइल पुसली तरी, पुन्हा वापरता येत नाही. ही ओळ शेवटच्या ‘टिपा’मध्ये असेल तर वाचणाऱ्याला ती आवृत्ती वाया गेल्यावर भेटते. सरावासाठी टेस्टपायपीआय, म्हणजे पायपीआयची चाचणीसाठीची वेगळी साइट, सुचवा, पण तिथलं खातं आणि टोकन वेगळं लागतं, हे त्याच वाक्यात लिहा. शिवाय तुमचं पॅकेज ज्या पॅकेजांवर अवलंबून आहे ती तिथे असतीलच असं नाही. इन्स्टॉल फसलं की नवखा आपलाच कोड तपासत बसतो.

आज्ञेच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह काढून टाका, ते आज्ञेसोबत कॉपी होतं.

शब्दांकडेही बघा. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात ‘स्पॉन्सर’ म्हणजे पैसे देणारा नव्हे. तुमचं पॅकेज तपासून तुमच्या वतीने अपलोड करणारा. ‘अपस्ट्रीम’ म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ प्रकल्प. असा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच अर्धं वाक्य खर्च करा. वेगळी शब्दसूची कुणी उघडत नाही, मीही उघडली नव्हती.

आणि पानाच्या माथ्यावर तारीख टाका: या पायऱ्या शेवटच्या कधी करून पाहिल्या. 2024 च्या सुरुवातीपासून पायपीआयने द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय दुसरा पुरावाही मागणारी) सगळ्यांना सक्तीची केली, त्यामुळे पॅकेज चढवताना नुसता पासवर्ड चालत नाही, तरी ‘पासवर्ड टाका’ सांगणारी जुनी पानं अजून सापडतात. मी दर काही महिन्यांनी कोरं फोल्डर घेते आणि स्वतःचीच मार्गदर्शिका शब्दशः पाळत टेस्टपायपीआयपर्यंत जाते. जिथे मला आठवणीतून काही भरावं लागतं, ती ओळ त्याच दिवशी लिहून टाकते.