लिनक्सवर पेनड्राइव्ह एनक्रिप्ट कसा करायचा

आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, ऑफिसच्या फायली असलेला पेनड्राइव्ह कुठे विसरला, तर तो उचलणारा माणूस सगळं वाचू शकतो. लॉगिनचा पासवर्ड इथे कामाला येत नाही, तो फक्त तुमच्या कॉम्प्युटरपुरता असतो. ड्राइव्हच एनक्रिप्ट करावा लागतो, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा साठवावा लागतो. लिनक्समध्ये त्यासाठीची सोय म्हणजे लक्स, डिस्क कुलूपबंद करण्याची प्रमाण पद्धत. उबुंटू किंवा फेडोराच्या नेहमीच्या गनोम डेस्कटॉपवर वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आधी ड्राइव्हवरचा सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि कॉपी झालेल्या दोन-चार फायली उघडून बघा. पुढच्या पायऱ्यांत ड्राइव्ह कोरा होणार आहे.

१. ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा. डावीकडच्या यादीत ड्राइव्ह निवडताना नाव आणि क्षमता दोन्ही जुळवा. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण तेवढाच दिसेल. ५०० जीबी दिसत असेल तर ती तुमची मुख्य डिस्क आहे, तिला हात लावू नका.

२. पार्टिशनच्या (ड्राइव्हवरच्या विभागाच्या) पट्टीवर क्लिक करा आणि दातेरी चाकाच्या मेनूतून ‘फॉरमॅट पार्टिशन’ घ्या.

३. ड्राइव्हला नाव द्या, प्रकार ‘एक्स्ट-४’ (फायली मांडून ठेवण्याची लिनक्सची पद्धत) ठेवा आणि खालच्या ‘लक्स’ पासवर्डच्या चौकोनात खूण करा. ‘इरेज’चं बटण जुन्या डेटावर शून्यं लिहितं. सेकंदाला २० एमबी लिहिणाऱ्या ३२ जीबीच्या ड्राइव्हला त्यात अर्धा तास जातो. ड्राइव्हवर आधी खाजगी फायली होत्या, तर तेवढा वेळ द्या. तरीही फ्लॅश मेमरीच्या राखीव भागात जुने तुकडे उरू शकतात, म्हणून ड्राइव्ह नवा असतानाच एनक्रिप्ट करणं उत्तम.

४. पासवर्ड द्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घेतलेत तर लक्षातही राहतात आणि फोडायलाही अवघड जातात. मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे जपावं: कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या मांडणीवर) राहिला असेल तर त्याच कळा दाबूनही अक्षरं देवनागरी उमटतात, आणि पासवर्डच्या ठिपक्यांमध्ये ते दिसत नाही. पुढे इंग्रजी कीबोर्डवर तोच पासवर्ड ‘चुकीचा’ ठरतो. सुपर आणि स्पेस दाबून आधी इंग्रजी लावून घ्या.

काम झालं की ‘डिस्क्स’मध्ये एकाखाली एक दोन पट्ट्या दिसतात: वर लक्स, खाली एक्स्ट-४. ड्राइव्ह बंद असताना खालची पट्टी ‘लॉक्ड’ असते. पुढच्या वेळी ड्राइव्ह लावला की पासवर्ड विचारला जाईल. तिथे ‘कायम लक्षात ठेवा’ हा पर्याय घरच्या कॉम्प्युटरपुरताच ठीक. लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच बॅगेत फिरत असतील तर ‘लगेच विसरा’ निवडा.

एकदा उघडलेला ड्राइव्ह स्क्रीन लॉक केल्यावर किंवा लॅपटॉप झोपवल्यावरही उघडाच राहतो, कारण डेटा उलगडणारी किल्ली मेमरीत असते. उठताना ‘इजेक्ट’ करा. फाइल कॉपी होऊन पट्टी भरली तरी काही डेटा अजून मेमरीतून ड्राइव्हवर जात असतो, आणि तेवढ्यात ड्राइव्ह उपसला तर फायली अर्धवट राहतात. इजेक्टला मिनिटभर लागलं तरी थांबा.

उघडल्यावर वाचता येतं पण लिहिता येत नाही, असं दुसऱ्या कॉम्प्युटरवर होतं. एक्स्ट-४ फाइलचा मालक नावाने नव्हे, आकड्याने लक्षात ठेवतं. उबुंटू-फेडोरावर पहिल्या युजरचा आकडा १००० असतो, म्हणून सहसा जुळतं. दुसरा युजर १००१ असला की अडतं. टर्मिनलमध्ये ‘चाउन’ या आज्ञेने मालकी बदलली की सुटतं.

पासवर्ड बरोबर असूनही रास्पबेरी पायसारख्या कमी रॅमच्या मशीनवर ड्राइव्ह उघडत नसेल, तर कारण बहुतेक मेमरीचं असतं. लक्सची नवी आवृत्ती लक्स-२ पासवर्ड तपासताना मुद्दाम भरपूर मेमरी वापरतं, चांगल्या डेस्कटॉपवर बनवलेल्या ड्राइव्हला १ जीबीपर्यंत. अशा ठिकाणी ड्राइव्ह न्यायचा असेल तर तो त्याच मशीनवर बनवा.

विंडोजला लक्स कळत नाही. तिथे ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जातं; ‘कॅन्सल’ म्हणा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी वेगळा साधा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यावर लागेल तेवढीच फाइल न्या. दोन्ही सिस्टीमवर रोज काम असेल तर व्हेराक्रिप्ट हा दोन्हीकडे चालणारा एनक्रिप्शनचा प्रोग्राम वापरा.

आता हेडर. ड्राइव्हच्या सुरुवातीचा हा छोटा भाग, लक्स-२ मध्ये सहसा १६ एमबीचा, खऱ्या किल्लीची कुलूपबंद प्रत सांभाळतो. तो बिघडला तर पासवर्ड ठाऊक असूनही डेटा परत येत नाही. चुकून झालेला फॉरमॅट नेमका त्याच्यावरच घाव घालतो. म्हणून टर्मिनलमधल्या ‘क्रिप्टसेटअप’ची ‘लक्सहेडरबॅकअप’ ही आज्ञा सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा. रोमन लिपीत टाइप करताना सगळं सलग, हेडर आणि बॅकअप यांचं फक्त पहिलं अक्षर मोठं. पुढे पार्टिशनचं नाव, मग दोन आडव्या रेघा देऊन ‘हेडर-बॅकअप-फाइल’ आणि फाइलचं नाव. पार्टिशनचं नाव ‘डिस्क्स’मध्ये ‘डिव्हाइस’समोर दिसतं. ही फाइल त्याच ड्राइव्हवर ठेवू नका. आणि पुढे पासवर्ड बदललात तर नवी प्रत घेऊन जुनी पुसा, कारण जुन्या हेडरच्या प्रतीला जुनाच पासवर्ड चालतो.